मिनी लेथ: आधी सुट्या भागांचं विचारा
७x१४ मिनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं छोटं मशीन; ७ इंच व्यास, १४ इंच लांबीपर्यंतचं काम बसतं) सर्वांत स्वस्त कुठे मिळेल, असं विचारलंय तुम्ही. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण सुटे भाग ठेवणाऱ्याकडूनच घ्या. हेडस्टॉकमधल्या (मशीनच्या डावीकडच्या, गिअर असलेल्या डोक्यातल्या) प्लास्टिक गिअरचे दात तुटतात, नाहीतर मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोल बोर्ड जळतो. माझा बोर्ड गेला तेव्हा विक्रेत्याने फोन उचलणंच सोडलं. मशीन दोन महिने ताडपत्रीखाली पडून. म्हणून पैसे देण्याआधी गिअरची आणि बोर्डाची किंमत विचारा. लगेच आकडा सांगितला तर माणूस कामाचा.

जमलं तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं, सुईचं घड्याळासारखं साधन) घेऊनच जा. चक (तुकडा पकडणारा जबडा) काढा, तो ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या तोंडावर गेजचं टोक टेकवून स्पिंडल हाताने फिरवा. सुई ०.०१ मिमीपेक्षा फार हलली तर दुसरं मशीन दाखवायला सांगा. राजकोट (गुजरात) आणि बटाल्याची (पंजाब) मशीनं दणकट असतात, पण मोटर सिंगल फेज, म्हणजे घरच्या विजेवर चालणारी आहे ना, ते नक्की बघा.