वायव्येचा वारा आणि टेलव्हील: तीन चाकांवर की दोन?

शेपटीचाक:
दुपारी समुद्रावरून वारा सुटला की टेलव्हील (पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक) विमानवाल्याला एकच सल्ला मिळतो, 'व्हील लँडिंग कर,' म्हणजे आधी पुढची दोन चाकं टेकव, शेपूट नंतर. मला तो अर्धवट वाटतो. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर छोटं टेलव्हील कोण आणतो ते सोडा, हिशोबापुरती तिथली धावपट्टी २६ (२६० अंशांकडे तोंड) घ्या. वारा ३१० अंशांवरून १२ नॉट, म्हणजे आडवा घटक ९ नॉट, उजवीकडून. पुढची दोन चाकं ४५ नॉटला टेकवली, तर ३६ नॉटच्या थ्री-पॉइंटपेक्षा (तिन्ही चाकं एकदम) दीडपटीहून जास्त ऊर्जा जमिनीवर जिरवायची आहे. वर शेपूट खाली आणणं बाकीच. ती खाली जाताना रडर (पायाच्या पेडलने हलणारं शेपटीचं सुकाणू) पंख आणि धडाच्या आड जातो, शेपटीचं चाक अजून हवेत, आणि वारा नाक उजवीकडे ओढतोय. ग्राउंड लूप (विमान जमिनीवरच गर्रकन फिरणं) सुरू होतो तो इथे. तिन्ही चाकं एकदम टेकवली, स्टिक पोटाशी घेऊन तिथेच धरली, तर ही मधली फट उरत नाही.

मांडवीपार:
बाब, आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. थ्री-पॉइंटमध्ये पंख स्टॉलच्या (उचल अचानक संपण्याच्या) काठावर असतात. १२ चा झोत १८ झाला की विमान पुन्हा उचललं जातं, ओसरला की धप्पकन वाकडं बसतं, आणि त्या वेगाला एलेरॉनमध्ये (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या झडपांमध्ये) जीव नसतो. व्हील लँडिंगमध्ये उजवा पंख खाली, आधी उजवं चाक, मग डावं, आणि टेकताक्षणी स्टिक जराशी पुढे. पंखाचा कोन कमी होतो, लिफ्ट जाते, वजन चाकांवर येतं.

स्टिक पुढे न घेता थोडं जोरात बसलं की काय होतं? गुरुत्वमध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे असल्यामुळे शेपूट खाली पडते, कोन वाढतो, विमान उसळतं. त्या उसळीमागे स्टिक पुढे-मागे हाणत बसलात तर प्रॉपेलर जमीन खरवडतो. दुसरी उसळी दिसली की पॉवर द्या आणि गो-अराउंड करा, म्हणजे पुन्हा वर जा. आणखी एक: बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयातल्या फायरफ्लाय या जुन्या टेलव्हील विमानाच्या नाकाकडे बघून या. शेपूट खाली असताना समोरचं काय दिसत असेल?

अमेरिकेच्या टेलव्हील एंडोर्समेंटमध्येही (टेलव्हील उडवायची प्रशिक्षकाची मंजुरी) व्हील लँडिंग शिकवावंच लागतं. उत्पादकानेच नको म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

शेपटीचाक:
शिकवा, मीही शिकवा म्हणतो. 'करच' म्हणू नका. उजवीकडून वारा असताना शेपूट झटकन खाली घेतली, तर फिरत्या प्रॉपेलरच्या जायरोमुळेही (भोवऱ्यासारख्या परिणामामुळे) नाक उजवीकडेच वळतं (कॉकपिटमधून बघता घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रॉपेलर). दोन्ही ओढ एकाच बाजूला!

मांडवीपार:
आयडलवर, इंजिन मंद असताना, तो जायरो किती? नगण्य. शेपूट पडू देऊ नका, रडरला जीव आहे तोवर आपण हळूहळू उतरवा, एवढंच.

ग्रीसगन:
तुम्ही दोघे पायलटच्या पायांवर भांडताय, आणि शेपटीकडे कुणी बघत नाही. रिक्षा उलटी ढकलून बघा: दोन चाकं पुढे, एक मागे, वजन त्या दोन चाकांच्या मागे. जरा वाकडी गेली की आणखी वाकडी जायलाच बघते. टेलव्हील विमान रोज हेच करतं, म्हणून मागचं एकुलतं चाक नीट हवं.

शेपटीची पाट्याची स्प्रिंग बसली की चाक ज्यावर वळतं त्या पिव्हटचं वरचं टोक पुढे झुकतं. भार असताना पिव्हट उभा किंवा किंचित मागे कललेला पाहिजे. पुढे झुकला की शिमी (चाक डावं-उजवं थडथडणं), आणि शिमीत स्टीअरिंग राहत नाही. झिजलेलं बुशिंग आणि कमी हवेचा टायरही तेच करतो. दुसरं, स्टीअरिंगच्या स्प्रिंगा आणि साखळ्या. शेपूट उचलून रडर हलवा. एका बाजूला ढिलाई असेल तर पायाने दिलेलं चाकापर्यंत उशिरा पोहोचतं. बहुतेक स्टीअरेबल टेलव्हीलमध्ये ठरावीक कोनापलीकडे लॉक सुटतो आणि चाक मोकळं फिरतं. वळण तिथवर गेलं की पेडल मारून शेपटीचं चाक काही करणार नाही, मग पॉवरचा छोटा झोत आणि विरुद्ध ब्रेकची टिचकी, बस्स. ब्रेक दाबून धरलात तर नाकावर. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत या साखळ्या आणि स्प्रिंगा लवकर गंजतात, पावसाळ्यानंतर तर बघाच. डाव्या-उजव्या टायरमधली हवा वेगळी असेल, तर नेमून दिलेल्या तंत्राचा दोष काढू नका.

काजूबोंडू:
गवतावर उतरा. चाक थोडं घसरतं, डांबर मात्र वाकडं टेकलेलं चाक पकडून ठेवतं.

मांडवीपार:
गवत ओलं असेल तर ब्रेकच्या नावाने बोंब. पण वाकडं टेकणं गवत खपवून घेतं, हे खरं.

शेपटीचाक:
ग्रीसगनचं सगळं मान्य. पण उजवा एलेरॉन वर ठेवून, वेग कमी होईल तसा वाढवत, थांबेपर्यंत धरणं: हे दोन्ही पद्धतींत लागतं आणि दोन्ही पद्धतींचे लोक टेकल्यावर सोडतात. माझा प्रश्न अजून तिथेच आहे, शेपूट खाली येताना. म्हणून हिवाळ्यात मी सकाळी लवकर उतरायला सांगतो, जमिनीवरून पूर्वेचा मंद वारा असतो, ०८ वर (त्याच धावपट्टीचं उलट टोक) समोरून येतो.

मांडवीपार:
आणि दुपारी दोनला इंधन संपत आलं तर?