समोर कुत्रं दिसलं की मोती आवरत नाही, काय करू?

मोतीची ताई:
आमचा मोती तीन वर्षांचा. घरात गुणी बाळ. बाहेर मात्र दुसरं कुत्रं दिसायची खोटी, की भुंकणं, पट्टा ओढणं, मागच्या पायांवर उभं राहणं सुरू. त्या वेळी खाऊ दिला तर ढुंकूनही बघत नाही. एकांनी गळ्यात काटेरी पट्टा घालायला सांगितलाय, पण माझं मन होत नाही. दुसरा काही उपाय?

भूभूमित्र:
काटेरी पट्टा अजिबात नको. कुत्रं दिसलं की मान टोचते एवढंच तो शिकेल, म्हणजे समोरच्या कुत्र्यावरचा त्याचा राग आणखी वाढेल. शिवाय मार बसतो म्हणून गुरगुरणं बंद झालं, तरी भीती आत तशीच राहते. असा कुत्रा इशारा न देता चावू शकतो.

खाऊ घेत नाही यातच तुमचं उत्तर आहे. तुम्ही फार जवळ आहात. समोरचा दिसतोय, पण मोती अजून खातोय आणि हाक मारल्यावर वळून बघतोय, इतकं लांब उभं राहायचं. त्याला कुत्रं दिसलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. कुत्रं नजरेआड झालं, की खाऊ बंद. क्रम उलटा करू नका. आधी खाऊ काढलात, तर खाऊ दिसणं हीच त्याच्यासाठी धोक्याची घंटा होईल. काही दिवसांनी कुत्रं दिसल्यावर तो आपणहून तुमच्याकडे बघायला लागला, की अंतर थोडंसं कमी करा. घाई केली की सगळं मुसळ केरात.

शेपूटवाला:
छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घ्या, ओढण्याचा जोर कमी होतो. दोरी साधी, दोनेक मीटरची. आपोआप लांब होणारी नको, ऐन वेळी आवरत नाही.

मोतीची ताई:
पण वळणावर अचानक कुणी समोर आलं तर अंतर आणायचं कुठून?

कानटवकारे:
"चल मागे" म्हटलं की गर्रकन वळायचं, हे घरातच खेळासारखं शिकवा. रस्त्यावर कुत्रं नसतानाही अधूनमधून करा, म्हणजे ते शब्द संकटाचे वाटणार नाहीत. वळायला जागा नसेल, तर उभ्या गाडीच्या आड जा आणि मूठभर खाऊ जमिनीवर पसरा. नाक कामाला लागलं की डोकं निवतं. दोरी मात्र आवळून धरू नका, त्यानं तो आणखी पेटतो. भुंकण्याआधी तो ताठ होतो, तोंड मिटतो, कान पुढे करतो. वळायची वेळ तीच.

भूभूमित्र:
आणि एखाद्या दिवशी मोठा राडा झालाच, तर दुसऱ्या दिवशी फिरणं सोडा. "रोज फिरवलंच पाहिजे" हे मला पटत नाही. ताण साठत जातो, मग सायकल गेली तरी तो भडकतो. त्या दिवशी घरातच खाऊ लपवून हुंगायला लावा.

मांजरप्रेमी (चुकून इकडे):
हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. सांधे, कान, दात दुखत असले तरी प्राणी असे चिडतात.

मोतीची ताई:
लहानपणापासूनच आहे, तरी तपासून घेते. जाळीचं मुसकं घालावं का?

शेपूटवाला:
चावायची भीती वाटत असेल तर जरूर. धापा टाकता येतील, पाणी पिता येईल असं सैल घ्या. आधी घरात त्यातच खाऊ ठेवून सवय लावा, एकदम रस्त्यावर नको.