महागड्या यंत्रांशिवायही संशोधन होतं
प्रयोगशाळेत गेलेल्या डॉक्टरला महागड्या यंत्रांशिवाय संशोधन जमत नाही, असं अनेकदा म्हटलं जातं; हे मत मला अजिबात पटत नाही. गोमेकॉसारख्या (बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय) ठिकाणी संशोधनाचा विषय रक्ताच्या नमुन्याच्या प्रवासातच आहे. काणकोणहून बांबोळीला रक्त पोचेपर्यंत पेशी त्यातली साखर वापरत राहतात. साध्या तापमानाला ताशी साधारण 5 ते 7 टक्के घट. साखरेची घट रोखण्यासाठी फ्लोराइड घातलेली नळी वापरली की प्रश्न मिटला असं अनेक निवासी डॉक्टर धरून चालतात. पण फ्लोराइड साखरेच्या विघटनातल्या शेवटाकडच्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, म्हणून पहिला तास-दोन तास घट चालूच राहते. आम्लयुक्त सायट्रेटची नळी ही घट बरीच लवकर थांबवते. नळी बर्फात ठेवावी तर पोटॅशियम खोटं वाढतं, कारण पोटॅशियम पेशीत ठेवणारा पंप थंडीत मंदावतो, आणि पेशी फुटल्यावर दिसतं तसं सीरम (रक्तातला वरचा द्रव) लाल दिसत नसल्याने शंकाही येत नाही.

एकाच रुग्णाचं रक्त दोन नळ्यांत घ्यायचं, एक लगेच सेंट्रिफ्यूज करायची (फिरवून पेशी वेगळ्या करायच्या), दुसरी दोन तासांनी, आणि दोन्हींतली साखर ताडून पाहायची. नीतिसमितीची परवानगी घेतली की प्रबंधाला हे पुरतं. शिकवतानाही हेच आधी यावं: पोटॅशियम फार वर आणि कॅल्शियम खाली दिसलं, तर उपचाराआधी ईडीटीएची (दुसऱ्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं पोटॅशियमयुक्त रसायन, जे कॅल्शियम बांधून ठेवतं) भेसळ तपासून नमुना पुन्हा मागवायचा.