शब्दचर्चा : मध्यपूर्व, पश्चिम आशिया आणि आखात

प्रश्न

एका लेखमालेचा मराठी अनुवाद करीत असताना एक अडचण उद्भवली आहे. इजिप्त, जॉर्डन, इराक, कुवेत अशा देशांचा एकत्रित उल्लेख करण्यासाठी पहिल्या लेखात मी ‘मध्यपूर्व’ हा शब्द योजला. दुसऱ्या लेखात संपादकांनी तो खोडून ‘पश्चिम आशिया’ केला आणि तिसऱ्याच्या मथळ्यात, बहुधा जागा अपुरी पडल्यामुळे, ‘आखात’ आले. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत काय? नसतील, तर कोणता शब्द कोठे वापरावा?

प्रतिसाद १

समानार्थी मुळीच नाहीत, आणि ‘आखात’ तर सर्वांत संकुचित आहे. आखात म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा फाटा. त्यामुळे ‘आखाती देश’ म्हणताना त्या पाण्याला ज्यांचा किनारा लागतो तेच देश अभिप्रेत असावेत. व्यवहारात मराठी माणूस त्यातूनही इराण आणि इराक वगळतो. रत्नागिरीकडे किंवा गोव्यात ‘मुलगा आखातात असतो’ असे कोणी म्हटले, तर तो दुबई, मस्कत, दोहा किंवा कुवेत येथे नोकरीला आहे असाच अर्थ घेतला जातो. सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान या सहा देशांनी 1981 मध्ये स्थापन केलेल्या सहकार्य परिषदेची यादी आणि कोकणातल्या बोलण्यातली यादी जवळजवळ एकच आहे. जॉर्डनमध्ये काम करणाऱ्याला आपण ‘आखातात’ म्हणत नाही, जरी त्या देशाचा एकमेव चिंचोळा किनारा अकाबाच्या आखातावरच असला तरी!

एक गोष्ट मात्र मला मराठीच्या सोयीची वाटते. त्या पाण्याला पर्शियन म्हणावे की अरबी, यावरून इराण आणि अरब देश यांच्यात जुना वाद आहे. आपण कोणतेही विशेषण न लावता नुसते ‘आखात’ म्हणतो आणि त्या वादातून नकळत सुटतो.

प्रतिसाद २

‘मध्यपूर्व’ हा ‘मिडल ईस्ट’चा शब्दशः अनुवाद आहे हे उघड आहे, परंतु तो शब्द कोणी आणि कशासाठी रूढ केला हे पाहिल्यास संपादकांची हरकत समजू शकेल. अमेरिकी नौदलातील अधिकारी आल्फ्रेड थेयर माहान यांनी 1902 मध्ये लंडनच्या एका मासिकात लिहिलेल्या लेखामुळे तो प्रसिद्धीस आला. त्यांच्यापुढचा प्रश्न इराणच्या आखातावर वर्चस्व कोणाचे, रशियाचे की ब्रिटनचे, हा होता. लगोलग ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच विषयावर लेखमाला लिहून शब्दाचा प्रसार केला आणि हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत पोहोचणारे किंवा हिंदुस्थानकडे येणाऱ्या वाटांवर ताबा ठेवणारे आशियातील प्रदेश, असा त्याचा अर्थ लावला. लंडनहून पाहता ऑटोमन साम्राज्य ही जवळची पूर्व, चीन-जपान ही दूरची पूर्व, आणि या दोहोंमध्ये उरली ती मधली पूर्व. नजर लंडनची होती आणि काळजी हिंदुस्थानातील सत्तेची होती.

हे चिरोल म्हणजे लोकमान्य टिळकांना ‘असंतोषाचे जनक’ म्हणणारेच चिरोल. त्यांच्यावर टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 मध्ये तो ते हरले. ती दूषणवजा पदवी मराठी माणसाने गौरव म्हणून स्वीकारली. ‘मध्यपूर्व’ मात्र आपण कोणताही अर्थ न बदलता, जसाच्या तसा उचलला. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून जो प्रदेश समोर, सूर्य मावळतो त्या बाजूला आहे, त्याला पूर्व म्हणणे मला तरी पटत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयातील विभागाच्या नावातही ‘पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका’ असेच शब्द आहेत.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. तथापि ‘पश्चिम आशिया’ लिहिले की प्रश्न मिटला, असे मानू नये. इजिप्तचा सिनाई द्वीपकल्प सोडल्यास तो देश आफ्रिकेत आहे, म्हणजे प्रश्नकर्तीच्या यादीतील पहिलेच नाव या शब्दात बसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या ‘मिडल ईस्ट’ सेनाविभागाचे मुख्यालय कैरोला होते, आणि इजिप्त या शब्दात पक्का बसण्यामागे ते एक मोठे कारण आहे. उलट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी वर्गीकरणात पश्चिम आशियात जॉर्जिया, आर्मेनिया आणि सायप्रस येतात, पण इराण येत नाही; त्याची गणना तेथे भारताबरोबर दक्षिण आशियात होते. त्या कोष्टकाचे भाषांतर करणाऱ्याने सावध राहिलेले बरे.

भूगोलाच्या दृष्टीने मला ‘नैऋत्य आशिया’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. उपदिशांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत, ‘ईशान्य भारत’ आणि ‘आग्नेय आशिया’ आपण सहज लिहितो, मग येथेच का अडावे? (‘दक्षिणपूर्व आशिया’ असे अलीकडे छापलेले दिसते, तेही टाळता येण्याजोगे आहे.)

प्रतिसाद ४

लंडनहून दिलेले नाव परके आणि मुंबईहून दिलेले स्वाभाविक, हा युक्तिवाद मला थोडा घाईचा वाटतो, कारण दिशादर्शक नावामागे कोणीतरी कोठेतरी उभे असतेच. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास समोर ती पूर्व, पाठीमागे ती पश्चिम आणि उजव्या हाताला ती दक्षिण. ‘प्रदक्षिणा’ या शब्दात दक्षिणचा ‘उजवा’ हा अर्थ अजून जिवंत आहे आणि ‘दख्खन’ हे नावही त्यातूनच आले. अरबीतही हेच घडले आहे. ‘यमन’ म्हणजे उजवीकडचा आणि ‘शाम’, म्हणजे सीरिया व आसपासचा मुलूख, डावीकडचा, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. येमेन आणि दख्खन ही दोन नावे अशा रीतीने एकाच अर्थाची ठरतात. सूर्यास्ताच्या नमाजाला ‘मगरिब’ म्हणतात. मोरोक्कोचे अरबी नाव तेच आहे, कारण अरबांच्या दृष्टीने तो मावळतीचा देश होय.

आपल्याकडेही वेगळे नाही. ‘देशावर गेला’ हे कोकणातून बोलले जाते. साताऱ्यात राहणारा स्वतःविषयी असे म्हणत नाही. ‘घाटी’ हा शब्द मुंबईत हिणवण्यासाठी वापरला जातो तो घाटाखाली उभे राहूनच. तेव्हा ‘मध्यपूर्व’वर माझी हरकत तो परका आहे ही नसून त्याची सीमा कोणालाच नक्की सांगता येत नाही, ही आहे.

जाता जाता : ‘विलायत’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ अंमल किंवा प्रांत. आपण त्याचा अर्थ इंग्लंड केला. ओमानमध्ये मात्र आजही प्रशासकीय विभागाला विलायतच म्हणतात. मस्कतला गेलेला कोकणी माणूस खऱ्या अर्थाने विलायतेत राहतो.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. मूळ लेखक जेथे तेलाबद्दल किंवा तेथील नोकऱ्यांबद्दल लिहितात, तेथे ‘आखाती देश’ ठेवीन. नकाशाखालील ओळीत ‘नैऋत्य आशिया व इजिप्त’ असे लिहीन. चिरोल यांच्या काळातील राजकारणाचा जो परिच्छेद आहे, त्यात मात्र ‘मध्यपूर्व’ अवतरणचिन्हांसह तसाच राहील, कारण तेथे तो शब्दच लेखाचा विषय आहे. तुर्कस्तान नकाशात अर्धा दिसतो, त्याला या ओळीत घ्यावे की नाही, एवढे संपादकांना विचारावे लागेल.