सर्फबोर्ड घडवणारा कारागीर मानायचा की नाही? (सोलापुरातून विचारतोय, हसू नका)

धोटा:
पुतण्या मंगळुरूजवळच्या मुल्कीला सर्फिंग शिकून आला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. म्हणून बोर्ड करतात कसा ते बघत बसलो. फोमचा लांबलचक ठोकळा, मधोमध लाकडाची पातळ पट्टी, आणि रंधा मारून आकार. पण खरी गंमत त्या खोलीची. भिंती गडद रंगाच्या आणि ट्यूबलाइटी छताला नाहीत, बोर्डाच्या उंचीला दोन्ही बाजूंनी. उजेड आडवा पडला की केसभर उंचवट्याचीसुद्धा सावली दिसते. आमचे वडील मागावरून उतरलेली चादर दाराशी नेऊन अशीच तिरप्या उजेडात धरायचे, तुटका धागा शोधायला. शेवटी बोर्डावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरून रेझिन पाजतात. तेही ताण्याबाण्याचंच! माझ्या मते हा माणूस आपल्याच जातकुळीचा. श्रीमंतांचे चोचले म्हणून उडवून लावू नका.

शेंगाचटणी:
काय बे, समुद्र तीनशे किलोमीटर लांब. हिप्परग्याच्या तळ्यात लाट आणतोस का?

टॉवेलवाला:
कारागिरी होती, मान्य. आता बरेच बोर्ड कॉम्प्युटरवर आकार भरला की मशीनच कापतं. माणूस शेवटचा कागद घासून सही ठोकतो आणि भाव सहीचा लावतो. आपल्याकडं यंत्रमागाचा माल हातमागाच्या भावात खपवला तर त्याला काय म्हणतात, मी सांगायला नको.

धोटा:
मग जकार्ड मागाचं काय? नक्षी भोकं पाडलेल्या कार्डावरच असते की. ते कार्ड ठोकणारा कारागीर नव्हे?

टॉवेलवाला:
तो आहे. त्याचं नाव चादरीवर कधी वाचलंस?

पूर्वभाग:
तुम्ही दोघं सहीवरच अडकलात. ५ डिसेंबर २००५ ला कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोमच्या मालकानं कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतले बहुतेक बोर्डवाले ठोकळे त्याच्याकडूनच घेत. साचेसुद्धा त्यानं मोडून टाकले. हात कितीही कसबी असू दे, रंधायला ठोकळाच नाही तर काय रंधणार? एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावाला हे वेगळं समजावायला नको. दुसरं, फोमचा भुगा आणि रेझिनची वाफ छातीत जातेच. माझ्या मामानं जन्मभर सूत गिळलं. रात्री खोकला लागला की मामी उठून पाणी गरम करायची. कलेचं कौतुक करताना हे कुणी काढत नाही म्हणून राग येतो.

धोटा:
पटलं. राग रास्त आहे. पण एक ऐका. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं तीन फिनांचा (बुडाला माशाच्या परासारख्या पात्यांचा) बोर्ड काढला, थ्रस्टर. १९८१ ला त्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. पेटंट घेतलं नाही. आज जगभर तीच रचना चालते. निव्वळ धंदेवाला असं करेल?

टॉवेलवाला:
करू नये! आपल्या चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) असून भलत्या गावचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातोय. त्यानं तर कुलूपच लावलं नाही.

शेंगाचटणी:
बोर्ड राहू दे. हे सर्फर किनाऱ्यावर कपडे बदलायला टॉवेलचा टोपीवाला झगा घालतात ना? तो टेरीचाच की. पुतण्यानं आणलाय का? लेबल बघ, कुठं विणलाय.

धोटा:
आणलाय. पोरगं तोच पांघरून झोपलंय, उठलं की बघून सांगतो.