भगिनीभाव, एकजूट की संगनमत?

पारवा:
गुन्हेगारी मालिकेच्या परीक्षणासाठी आणि सबटायटलसाठी शब्द हवे आहेत. तपास अधिकाऱ्यांच्या मनात बायकांबद्दल आधीच बसलेला ग्रह, आणि साक्षीदार बायकांनी एकमेकींना दिलेली साथ. 'लिंगभेद' आणि 'भगिनीभाव' चालतील का?

टाकबोरू:
'लिंगभेद' ही वागणूक झाली: बढती नाकारणं, मोठा तपास काढून घेणं. 'बाई आहे, खोटंच बोलत असणार' असं आधीच धरून चालणं हा पूर्वग्रह. परीक्षणात 'स्त्रियांविषयीचा पूर्वग्रह' लिहा. संवादात दोन्ही नकोत, 'बाई आहे म्हणून' एवढं पुरतं.
खरा ग्रह क्रियापदांत लपतो. त्याने 'सांगितलं', तिचं मात्र 'म्हणणं आहे'. तो 'तक्रार करतो', ती 'आरोप करते'. मूळ संवादात हा फरक नसेल तर मराठीतही शिरू देऊ नका.

रानजाई:
'भगिनीभाव' चळवळीतला शब्द, लेखात शोभतो. चौकशीच्या खोलीत बसलेली बाई तो उच्चारणार नाही. 'एकजूट' ठरवून, संघटितपणे होते, संपात किंवा मोर्चात. 'पाठराखण' जपून वापरा, कारण चूक करणाऱ्याचीच पाठराखण होते असा सूर त्याला हल्ली चिकटला आहे.
मराठीत 'एकमेकी' आहे हे विसरू नका. 'त्या एकमेकींना धरून राहिल्या' म्हटलं की 'महिला' वेगळं लिहावं लागत नाही, दोन ओळींच्या सबटायटलमध्ये जागाही वाचते.
आणि चौघींनी सारखाच जबाब दिला तर पोलीस त्याला 'संगनमत' म्हणणार. फिर्यादीतला नेहमीचाच शब्द आहे तो. त्याच गोष्टीला त्या 'साथ' म्हणतील. दोघांच्या तोंडी एकच शब्द घातलात तर प्रसंगातली हवाच गेली.

पारवा:
खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. तोवर पुल्लिंगच ठेवायचं?

टाकबोरू:
नाही. 'खुनी पळाला' लिहिलंत की प्रेक्षकाने निम्मे संशयित वगळले, आणि शेवटी खून करणारी बाई निघाली तर तुम्ही त्याला फसवलंत असं होईल. 'हल्लेखोराने'सुद्धा नको, त्या सामान्यरूपातच पुल्लिंग आहे. 'ज्याने'ला 'जिने' आडवी येते.
नपुंसकलिंग मदतीला घ्या: 'इथे कोणीतरी आलं होतं', 'दार कोणी उघडलं?', 'आत कोण होतं?' हुद्दा असेल तर आदरार्थी -नी: 'डॉक्टरांनी सांगितलं'. पण 'डॉक्टर आले' किंवा 'आल्या' म्हटलं की गुपित फुटलं. वर्तमानकाळातही 'येतात' सुरक्षित, 'येतो' नाही.

काजळमाया:
'विनयभंग'बद्दलही बोलायला हवं. गुन्हा दुसऱ्याचा, पण शब्द तिच्या विनयावर बोट ठेवतो. तरी फिर्याद वाचून दाखवतानाच्या दृश्यात तो बदलू नका, कायद्याचा रूढ शब्द तोच आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं कलम ३५४, नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं ७४. कथेचा काळ बघून आकडा घाला. ती स्वतः सांगते तेव्हा मात्र 'त्याने अंगाला हात लावला' असंच येईल. 'छेडछाड' शक्यतो टाळा, त्यात गंमत केल्याचा वास येतो.

रानजाई:
संबोधनंही तपासा. पुरुष अधिकाऱ्याला 'साहेब' आणि त्याच हुद्द्याच्या स्त्रीला 'बाई' म्हणणारा हवालदार तिचा हुद्दा खाली आणतो. 'मॅडम' तटस्थ आहे. तो मुद्दाम 'बाई' म्हणत असेल, तर ती त्याला कुठे तरी अडवते का ते पाहा. पुढच्या सबटायटलमध्ये तोच शब्द लागेल.