लॅब ८ वर्षांचा झाला, म्हणजे माणसाचा किती?

उपवनवाली: नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याला उपवनजवळ राहतो, आमचा बोका (लॅब्रॅडॉर आहे, नाव भावाने ठेवलंय, हसू नका) गेल्या महिन्यात ८ वर्षांचा झाला, वजन ३६ किलो. बाबा म्हणतात सातने गुण, ५६ झाले, माझ्यापेक्षा ५ वर्षांनी लहान, त्याला काय धाड भरलीये, आणि रोज येऊरच्या चढावर नेतात. आई म्हणते म्हातारा झालाय, नका नेऊ. हल्ली उठताना पुढचे पाय रोवतो नि मागचं धूड ओढत उभा राहतो. मोठ्या जातीला नक्की कितीने गुणायचं?

खारघरकर: सातचा पाढा विसरा ताई. मादी वर्षाच्या आतच माजावर येऊ शकते, सात वर्षांच्या पोरीचं असं असतं का? पहिलं वर्ष १५ धरतात, दुसरं ९, म्हणजे दोन वर्षांचा कुत्रा २४ चा. तिथपर्यंत पॉमेरियन काय नि लॅब काय सारखेच, पुढे फाटे फुटतात. पॉमचं वर्षाला ४ च धरतात, लॅबचं ५-६. या हिशोबाने ८ वर्षांचा पॉम ४८, लॅब ५५ च्या आसपास, ग्रेट डेन ६४. बाबांचं उत्तर जवळपास बरोबर पण रीत चूक, आमच्या सरांनी अर्धे मार्क कापले असते.

डेनची_मम्मी_नेरुळ: हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो ना, पण कुत्र्यांच्यात सगळं उलटं, जेवढा मोठा तेवढा लवकर थकतो. डेन ७ ते १० वर्षं, बस. आमची साडेसातला गेली, शेवटपर्यंत आम्ही तिला पिल्लूच समजत होतो. मोठ्या जातीला ६-७ पासूनच सीनियर धरा.

बेलापूर_७७: खास लॅबवरच एक अभ्यास झालाय, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात, १०४ लॅब, २०२० ला छापून आला. वयाप्रमाणे डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात त्या माणसाच्या खुणांशी जुळवल्या. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वयाचा नॅचरल लॉग (ln लिहिलेलं बटण) काढा, १६ ने गुणा, ३१ मिळवा. बोका ६४! यात एक वर्षाचा लॅब थेट ३१ चा येतो, म्हणून दोन्ही आकडे ढोबळच समजा. आणि हे लॅबचं गणित डेनला लावू नका.

खारघरकर: ५५ काय नि ६४ काय, मागचे पाय ओढतोय ते आधी बघा. लॅबला खुब्याचा त्रास कॉमन आहे, एक्स-रे काढून घ्या, तोवर चढ बंद, तळ्याकाठी सपाटीवर फिरवा. गुळगुळीत लाद्यांवर चटया टाका. नर लॅब २९ ते ३६ किलोत बसतो, तुमचा अगदी काठावर आहे, पोळीचे तुकडे कोण देतं ते शोधा.

उपवनवाली: बाबाच देतात 😄 त्यांनी ५५ वाला रिप्लाय सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, ६४ वाला गाळला. एक्स-रे शनिवारी आहे, कळवते.